थोरलीचं पुस्तक

३ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र तसंच ठेवून द्याल, म्हणून पत्ता आमच्या लॅबमधल्या मुलीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचा. फोन करून पाहिले, तुम्ही उचलले नाहीत. तक्रार नाही. तुमच्या जागी मीही उचलले नसते.

मी तुमच्या दादांच्या वतीने लिहीत नाहीये. हे पत्र त्यांना माहीतच नाही. मामंजींच्या पश्चात हे न विचारता त्यांचा पियानो ट्रकमध्ये चढवून घेऊन आले, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दादा, तुला काय करायचाय तो, तुला कुठे वाजवता येतो?" त्या दिवसापासून या घरात तुमचं नाव निघत नाही. निघालंच तर 'ती' म्हणून निघतं. त्या भांडणात मला पडायचं नाही. मला एकच साधी गोष्ट विचारायची आहे, आणि माझ्या ओळखीत मुलांना पियानो शिकवणारं दुसरं माणूस नाही. मुलांना कुठलं पुस्तक कधी द्यायचं, हे तुम्ही लोक कसं ठरवता?

थोरली आता दहाची झाली. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती दुधाचे दात पाडत होती. धाकटी सहाची आहे, ती तर तुम्ही धड पाहिलेलीच नाही. दोघी घरीच शिकतात, हे शिकवतात. हसू नका. यांना वाजवता येत नाही हे मलाही माहीत आहे, पण पुस्तक वाचून, मोबाईलवर बघून, पेन्सिलीने खुणा करून ते शिकवतात. गावातल्या अर्ध्या लोकांना यांनी गाडी शिकवली आहे. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली, मागून सगळे हॉर्न मारायला लागले, तरी हे म्हणतात, "काही घाई नाही, सावकाश क्लच सोडा." घरी मात्र थोरली चुकली की यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत यांच्या बाजूला जादा ब्रेक असतो ना, ती सवय. बोलत काहीच नाहीत. नुसता पाय दाबतात, आणि ती पोर तिरक्या नजरेने पायाकडे बघत वाजवते.

तर, थोरली दुसऱ्या पुस्तकात अडकली आहे. पहिलं छान संपवलं होतं, तेव्हा पाहुणे आले की आपणहून वाजवायची. आता स्टुलावर बसायलाही वेळ लावते. धाकटी तिच्या अस्वलांच्या पुस्तकात धावत सुटली आहे. तिच्या पुस्तकाची मागची काही पानं एकमेकांना चिकटली आहेत, छपाईतला दोष असणार, पण तिला फरक पडत नाही. पुढची पानं पुन्हा पुन्हा वाजवते आणि गाते.

थोरलीला अजून वेळ द्यावा की पुस्तक बदलावं, एवढंच सांगा. पत्र लॅबच्या पत्त्यावर टाका.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं. त्याला उत्तर म्हणावं की तार, ते ठरत नाहीये. "दोन्ही पुस्तकं एकाच मालेतली आहेत का? दुसऱ्या पुस्तकात ओळ चालू असताना हात जागा बदलतो का? जे पान मूल आठवड्याभरात आपलं आपण बसवू शकत नाही, ते पान त्याचं नाही." संपलं. कशी आहेस नाही, मुली कशा आहेत नाही. या घराण्यातली माणसं शब्द विकत आणतात की काय, असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलंय.

पण तुमचा पहिलाच प्रश्न वाचून दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. पहिलं पुस्तक निळं आहे, दुसरं केशरी.

सांगते काय झालं ते. गेल्या उन्हाळ्यात दुसरं पुस्तक आणायला आम्ही दोघं गेलो. निळ्यातलं दुसरं संपलं होतं. दुकानदाराने विचारलं, मुलगी केवढी? दहावं लागलंय म्हटल्यावर त्याने केशरी दोन नंबर काढून दिला, चपलेचा काढून द्यावा तसा. आम्हाला दोन हवा होता, दोन मिळाला, आम्ही खुशीत घरी आलो. धाकटीला नुसतं खेळायला म्हणून त्याच मांडणीतलं एक बारीकसं घेतलं, अस्वलं होती म्हणून.

काल लॅबमधून सुटल्यावर पुन्हा त्या दुकानात गेले आणि केशरी माला सगळी काउंटरवर मांडायला लावली. वन्सं, केशरीत 'एक'च्या आधी दोन पुस्तकं आहेत. त्यांना नंबरच नाहीत, अक्षरं आहेत. धाकटीचं अस्वलांचं त्यातलंच दुसरं. म्हणजे आमचं 'दोन' म्हणजे मुळात चौथं. निळ्यातलं पहिलं संपवलेली पोर मधली इयत्ता न शिकता वर बसवली होती आम्ही, आणि वर्ष होत आलं, तिला रोज विचारतोय की तुझं लक्ष कुठे असतं.

दुकानदाराला म्हटलं, तुम्ही सांगायला नको होतं? तो म्हणाला, "बाई, कव्हरवर लिहिलंय की सगळं." लिहिलंय खरं, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात. मी लोकांच्या कवळ्या बनवते. जबड्याचा साचा नीट घेतला नाही तर दात कितीही सुंदर असोत, माणूस जेवू शकत नाही, हिरडी सोलून निघते. हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि पोटच्या पोरीचं माप न घेता पुस्तक आणलं.

हात जागा बदलतो का, हेही पाहिलं. दर ओळीत बदलतो.

यांना अजून सांगितलेलं नाही. सध्या त्यांचं डोकं जागेवर नाही. कारण पुढच्या पत्रात सांगेन. धाकटीच्या डाव्या हाताचं बोट दारात सापडलं, नख काळं पडलंय, दोन दिवस शाळा बुडाली. बाकी सगळे ठीक.

तुमची वहिनी

२१ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही विचारलंत, "बोट कुठल्या दारात सापडलं?"

तुमच्यापासून लपवायला गेले, पण तुम्ही पियानोजवळ वाढलेल्या. दार आपटलं की घर हादरतं आणि संपतं. पियानोचं झाकण आपटलं की आतल्या तारा गुणगुणत राहतात. मी स्वयंपाकघरात होते आणि ते गुणगुणणं मी ऐकलं. त्यानंतर धाकटीचं रडणं. बाहेर आले तर धाकटी बोट तोंडात घालून उभी, थोरली पांढरीफटक पडलेली, आणि मी काही विचारायच्या आत धाकटीच म्हणाली, "दारात सापडलं." सहा वर्षांची आहे, वन्सं. खोटं बोलताना ती माझ्याकडे नाही, ताईकडे बघत होती.

मी तेव्हा दोघींना काहीच बोलले नाही. भ्याले. विचारलं असतं तर थोरलीला 'हो' म्हणावं लागलं असतं, आणि 'हो' म्हटल्यावर ती या घरात कोण झाली असती, याची मला भीती वाटली.

आणि पानं छपाईत चिकटलेली नव्हती. डिंकाने चिकटवलेली होती. ते मला पहिल्या पत्रातच माहीत होतं. तुम्हाला काय लिहायचं, कसं लिहायचं, कळेना.

आता यांचं. गावात पियानोचा एकच बरा क्लास आहे. तिथल्या बाई कडक, मुलं मोजकीच घेतात. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होतेय. यांनी दोघींची नावं दिली आहेत. मार्चच्या पहिल्या रविवारी बाई दोघींचं ऐकणार आणि एकीला घेणार. हे परवा जेवताना, मुलींसमोर म्हणाले, "एकीने नीट वाजवलं तरी पुरे. दोघींनी रडतखडत वाजवण्यापेक्षा एकीला येऊ दे. दुसरीला दुसरं काहीतरी बघू." थोरलीने पोळी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

तुम्ही लिहिलंत की धाकटीच्या पुस्तकातलं शेवटाकडचं एखादं पान थोरलीला न सांगता द्या, न बघितलेलं, आणि एकटीला वाजवू द्या. न अडखळता आलं तर केशरी एक चालेल. अडखळली तर तिची जागा तिथेच आहे. न सांगता कसं द्यायचं? पानभर अस्वलं आहेत. मग मी चिकटलेली पानं लॅबमधल्या मेण कापायच्या पातळ सुरीने सोडवली, त्यातलं एक निवडलं, आणि कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा आखून सगळी चिन्हं उतरवली. अस्वलं वगळून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हुबेहूब नक्कल करणं हाच माझा धंदा आहे.

हे कामावर होते, धाकटी शेजारी खेळायला गेली होती. थोरलीला म्हटलं, "लॅबमधल्या मुलीने दिलंय, जरा वाजवून दाखव ना." तिने कागद लावला. पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरीत हात सरकवायचा होता, तिथे थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. यांचा पाय तिथे नव्हता, तरी तिची नजर एकदा फरशीकडे जाऊन आली. मग कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली,

"आई, हे तिचं पान आहे ना?"

मी म्हटलं, "कुणाचं?"

"डिंक मीच लावला, तेव्हा पाहिलं होतं."

तिने आवाज चढवला नाही, रडलीही नाही. एवढं बोलून पट्ट्यांवरून हात काढून मांडीखाली दाबून बसली. जसे काही ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि पुन्हा काही करून बसतील. मी जवळ जाऊन बसले. तिला म्हटलं, "चूक तुझी नाही. आम्ही तुला चुकीचं पुस्तक आणून दिलं." केशरीतली अक्षरं, नंबर, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे मी आता तिच्या पुस्तकात?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर लवकर पाठवा. रविवार जवळ आला आहे. दहा वर्षांच्या मुलीला धाकट्या बहिणीच्या अस्वलांच्या पुस्तकात बसवलं तर ती पियानो तर सोडेलच, पण माझी भीती पियानोची नाही. ज्या बहिणीने तिच्यासाठी खोटं बोलून वेळ मारून नेली, तिचा ती जन्मभर राग करेल. या घराण्यात तसं होऊ शकतं. तुम्हाला मी ते वेगळं सांगायला नको.

तुमची वहिनी

२८ फेब्रुवारी, शनिवार

वन्सं,

तुम्ही पाठवलेलं पुस्तक दुपारी पोचलं. सोबतची चिठ्ठी वाचली: "मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांसाठी आहे. शिकवण तीच, चित्रं नाहीत, नंबर नाही. ती थांबली होती तिथूनच सुरू करा. एका घरातल्या दोन मुलांना एका मालेत कधी बसवू नये, मग ती सूर वाचत नाहीत, एकमेकांची पानं मोजतात." तुमचं हे एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच पाहिलं.

थोरलीने कव्हर उलटसुलट करून पाहिलं. राखाडी, साधं, मोठ्या माणसांच्या पुस्तकासारखं. "यात अस्वलं नाहीत," म्हणाली. मग मागची बाजू, मुंगीएवढी अक्षरं, बोट ठेवून सगळी वाचून काढली. माझ्यावर आता तिचा भरवसा नाही, आणि बरोबरच आहे.

मग संध्याकाळी यांना सांगायची वेळ आली. उद्या रविवार, आणखी पुढे ढकलता येईना. मुली खाली खेळत होत्या. मी जेवणाच्या टेबलावर निळं, केशरी, अस्वलांचं आणि राखाडी अशी चारही पुस्तकं मांडली आणि सगळं सांगितलं. झाकणाचंही सांगितलं.

यांनी राखाडी पुस्तक उचललं. मग म्हणाले, "म्हणजे तिने बोट चिरडलं आणि तू तिला नवीन पुस्तक आणून दिलंस."

"मी नाही आणलं," मी म्हटलं. "तुमच्या बहिणीने पाठवलंय."

यांनी पुस्तक खाली ठेवलं. ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. पाय दाबला गेला, फरशीवर. म्हणाले, "कधीपासून लिहितेस तिला?"

"तुम्ही लिहीत नाही म्हणून मी लिहिते."

"उद्या बाईंपुढे थोरली काय वाजवणार? पहिलं पान? धाकटी तिच्या पुढे गेलेली असताना? हसतील लोक. त्यापेक्षा सोडू दे तिला. ज्याला येत नाही त्याने सोडावं. मला सोडायला लावलं, मी काय मेलो?"

माझा तोल गेला, वन्सं. मी म्हटलं, "मेला नाहीत, पण सख्ख्या बहिणीला 'ती' म्हणता. पियानो उचलून आणलात आणि एक पट्टी दाबली नाहीत आजवर. पुसता रोज. कुणी वाजवत नसेल तेव्हा झाकणावरून हात फिरवता, ते मला दिसत नाही का? आणि आता पोरीला त्याच स्टुलावरून उठवताय, ज्यावरून तुम्हाला उठवलं."

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या त्या एका वाक्यावरून, यांच्या पायावरून मी आपलं जुळवलं होतं. पण बाण बरोबर लागला. हे खुर्चीत बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सांगितलं.

तुम्ही शाळेत जायला लागला होतात आणि हे मोठ्या वर्गात होते. तुम्ही यांच्या पुढे गेलात. एक दिवस मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, एकाने वाजवलं तरी पुरे, आणि यांना स्टुलावरून उठवलं. तुम्हाला हे आठवत असेल किंवा नसेलही, तुम्ही लहान होतात. यांनी त्यानंतर काय केलं, ते मात्र तुम्हाला माहीत नसणार. तुमचा सराव चालायचा तेव्हा हे बाहेर जिन्यावर बसायचे. रोज. तुम्ही कुठे अडखळायचात, कुठली ओळ पुन्हा घ्यायचात, सगळं यांना पाठ आहे. मला एक सूर गुणगुणून दाखवला. मग म्हणाले, "इथे ती नेहमी चुकायची. मला बाहेरून कळायचं. पण आत जाऊन सांगणार कसं?"

मला रडू आलं. यांना नाही आलं. मी हात धरायला गेले तर उठले, गाडीची किल्ली घेतली आणि गेले. अजून आले नाहीत. उद्याचं काय, ते सांगून गेले नाहीत.

थोरली हॉलमध्ये राखाडी पुस्तकातलं पान वाजवते आहे. सावकाश. धाकटी तिच्या शेजारी उभी आहे, स्टुलापासून जरा लांब, पट्टी बांधलेला हात पाठीमागे लपवून. जवळ जात नाही. मला तेवढं अंतर बघवत नाहीये. हे पत्र मी उद्यापर्यंत टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

१ मार्च, रविवार

वन्सं,

कालचं पत्र टाकलं नाही, दोन्ही एकाच पाकिटात घालते.

हे काल उशिराने आले, जेवले, झोपले. सकाळी नेहमीसारखे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. धाकटीला मी तयार केलं. थोरली सकाळपासून स्टुलावर होती. हे चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला."

थोरली उठली नाही. म्हणाली, "बाबा, मी येत नाही. तिला न्या. तिला चांगलं येतं."

"आणि तू?"

"मला हे पहिल्यापासून करायचंय."

मी यांच्या पायाकडे बघत होते, थोरलीही बघत होती. पाय जागचा हलला नाही. हे पुढे आले, राखाडी पुस्तकातलं उघडं पान वाकून पाहिलं, आणि विचारलं, "हे बसायला किती दिवस लागतील?"

"आत्या म्हणते, आपलं आपण बसेपर्यंत."

हे सरळ झाले, धाकटीचा हात धरला आणि गेले. जिन्यावरून धाकटीचे बूट वाजले, गाडी सुरू झाली आणि गेली. मला वाटलं, संपलं. एकीला घेऊन गेले. थोरली खिडकीशी गेली नाही, तिने तेच पान पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या ओळीत अडखळली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिने माझ्या पोटात तोंड खुपसून एवढंच विचारलं, "तिचं नख परत येईल ना?" मी म्हटलं, येतं, दात येतो तसं. हे खोटं नाही.

तासाभरात गाडी परत आली. हे वर आले नाहीत, खाली बोनेट उघडून उभे राहिले, गाडीला काही झालेलं नसताना. धाकटी एकटी धावत वर आली. मी विचारलं, काय झालं?

ती बूट काढत सांगायला लागली. तिने बाईंना तीन पानं वाजवून दाखवली, काळ्या नखाचं बोट वर ठेवून. बाई म्हणाल्या, छान, हिला घेते. मग बाबांनी विचारलं, दुसरी जागा कधी होईल? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही, मिळतेय ती एक तर घ्या. "मग बाबा म्हणाले, नको. आमच्या घरी दोघी वाजवतात. आणि आम्ही आलो."

थोरली स्टुलावरून ऐकत होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्यामुळे नाही काही. त्या बाई रागीट आहेत." हेही खोटंच असणार. मग ती स्टुलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. थोरलीने सरकून तिला जागा केली. धाकटीने हात पट्ट्यांवर ठेवायच्या आधी थोरली उठली, झाकण दोन्ही हातांनी पूर्ण मागे टेकवलं, ते पडत नाही ना हे हलवून पाहिलं, आणि मग बसली.

हे दुपारी वर आले. जेवले. मी आमटी वाढत राहिले. मी लिहायला बसल्याचं पाहून हे दारात येऊन उभे राहिले आहेत. आत येत नाहीत, जातही नाहीत. मी विचारलं, काही सांगायचंय का वन्संना? म्हणाले, नाही. मग म्हणाले, मुलींना आता क्लास नाही, घरी कुणीतरी जाणतं हवं. सुटी लागली की येतेस का, विचार तिला.

मी म्हटलं, मी विचारलेलं आहे असं लिहू?

आता म्हणाले, "नको. दादाने विचारलंय, असं लिही."